गुंडीच्या दातांतला हात

पत्र

नऊ आठवड्यांची दोन भावंडं घरी येऊन पाच दिवस झाले. बोका ढब्बू पहिले दोन दिवस कपाटाखालीच होता. आता रात्री बाहेर येऊन खातो, पण हात पुढे केला की पसार. भाटी गुंडी मात्र पहिल्या तासापासून घराची मालकीण आहे. तिची तक्रार एकच, चावते. आमच्या सात वर्षांच्या मुलीच्या पावलांवर दाराआडून झडप घालते, पहाटे तीनला पांघरुणातले अंगठे धरते, आणि मांडीवर घेतलं की मिनिटभर घुरघुरून मनगटालाच लटकते. धाकटे दीर तिच्याशी हातानं कुस्ती खेळतात, म्हणतात पिल्लूच आहे, खेळणारच. सासूबाई म्हणतात नाकावर टिचकी मार. शेजारच्या काकू म्हणतात पाण्याचा फवारा जवळ ठेव. दोघं आपसांतही इतकी जुंपतात की वेगळी ठेवावीत का असं वाटतं. काल मुलीच्या तळहाताला दात लागून रक्त आलं. हे वयाबरोबर जाईल, की आमचंच काही चुकतंय?

– हात लपवून बसलेली

उत्तर

गुंडीकडे वळण्याआधी मुलीचा तळहात. पिल्लाचे दुधाचे दात सुईच्या टोकासारखे असतात. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्ताचे दोन थेंब येतात, कातडी लगेच मिटते आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. गडबड तिथेच होते, कारण दाताबरोबर तोंडातले जंतू खोल गेलेले असतात आणि वरचं दार बंद झालेलं असतं. अशी जखम, विशेषतः हाताची, १२ ते २४ तासांत लाल होऊन ठणकायला लागू शकते. दात लागून रक्त आलं की वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, तेही घड्याळ बघून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका. रेबीजची पहिली लस पिल्लांना साधारण १२ आठवड्यांची झाल्यावर देतात, म्हणजे तुमच्या दोघांना ती अजून मिळालेली नसणार. पिल्लू किती आठवड्यांचं, कुठून आणलं, त्याची आई माहितीतली आहे का, एवढं डॉक्टरांना सांगा. मुलीला लस लागेल की नाही ते ठरवतील. अजून दाखवलं नसेल, तर पुढचं उत्तर दवाखान्यातून परत आल्यावर वाचा.

आता तुमचा प्रश्न. वयाबरोबर जाईल, पण अर्धंच. चावण्याची हौस मोठेपणी ओसरते. कुणाला चावायचं याची लागलेली सवय मात्र तशीच राहते, आणि ती सवय सध्या तुमचे दीर मनापासून लावत आहेत.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की डोळे, पंजे आणि पाय यांची जुळणी बसते आणि हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या मागे लागायचं वेड त्याच्या अंगात येतं. टक लावायची, दबा धरायचा, धावायचं, झडप घालायची, पुढच्या पंजांत आवळायचं, दात रोवायचे आणि मागच्या पायांनी ओरबाडायचं, हा शिकारीचा सगळा क्रम ते दिवसातून वीस वेळा घोकतं. गुंडी रागानं चावत नाही, तिचा रियाज चालू आहे. दाताचा जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. जास्त जोरात चावलं की भाऊ किंचाळतो, उलटा चावा घेतो किंवा खेळ मोडून निघून जातो. पाचव्या-सहाव्या आठवड्यातच आईपासून तोडलेली आणि एकटी वाढलेली पिल्लं पुढे जास्त जोरानं चावतात ती यामुळेच. तुमच्याकडे भावंड सोबत आहे, ही जमेची बाजू. फक्त एक लक्षात घ्या. ढब्बूच्या अंगावर दाट केस आहेत आणि खाली सैल, जाड कातडी. त्याला जे हळू वाटतं त्यानं तुमच्या मुलीच्या तळहाताला भोक पडतं. तिनं शिकलेलं माप मांजराच्या अंगाचं आहे, माणसाच्या कातडीचं माप तिला तुम्ही शिकवायचं.

तेव्हा पहिला नियम दिरांसाठी. उघडा हात, बोटं, पायाचे अंगठे यांच्याशी खेळ पूर्ण बंद, घरातल्या सगळ्यांचा, आजपासून. एक माणूस जरी खेळत राहिला तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. दहांतून एकदा हाताची कुस्ती मिळाली, तर उरलेल्या नऊ वेळाही गुंडी आशेनं येऊन बघणारच. हा काकाचा हात आणि तो पुतणीचा, असा भेद तिला कळत नाही. आज ती किलोभराची आहे म्हणून मजा वाटते. वर्षाच्या आत तिचं वजन तिपटी-चौपटीनं वाढेल आणि सुळे कायमचे असतील.

दिरांना कुस्तीच हवी असेल तर त्यांना साधन द्या. एक जाड सुती मोजा घ्या, त्यात जुन्या कापडाच्या चिंध्या गच्च भरा आणि तोंड शिवून टाका. साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ गुंडीएवढा व्हायला हवा. बटण, मणी, लोंबता धागा काही नको. ती उताणी होऊन पंजे उघडेल तेव्हा हा मोजा तिच्या पोटावर आडवा टेकवायचा. ती मिठी मारेल, चावेल, मागच्या पायांनी लाथा झाडेल. लहान खेळण्यावर हे जमत नाही, मागचे पाय पोचत नाहीत, म्हणून पिल्लं तुमच्या मनगटावर येतात. मनगटाचं माप त्यांना अगदी बरोबर बसतं!

आता दात रुतलेले असतात त्या क्षणाबद्दल. हात ओढायचा नाही. माणसाचा हात आपोआप मागे जातो, पण निसटणारी शिकार बघून मांजराचा जबडा आणखी आवळतो, आणि सुळे आतल्या बाजूला किंचित वळलेले असल्यामुळे ओढलेल्या हातावर टोचल्याऐवजी ओरखड्यासारखी लांब जखम होते. हात जागच्या जागी सैल सोडा, मेलेल्या उंदरासारखा. दोन-तीन सेकंदांत पकड सुटली नाही तर हात अगदी हलकेच तिच्या तोंडाच्या दिशेनं सरकवा. शिकार कधी अशी उलटी येत नाही, त्यामुळे ती गोंधळते आणि जबडा ढिला होतो. घशात कोंबायचं नाही, सेंटिमीटरभर पुरे. मग हात सावकाश काढून घ्या आणि उठा. बोलू नका, रागावू नका, तिच्याकडे बघूही नका. अर्धा ते एक मिनिट तिच्यासाठी तुम्ही घरात नाही. मागोमाग पायांवर आली तर दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्या. तिला कोंडायचं नाही, आपण जायचं. मिनिटभरानं परत या, तेही हातात खेळणं घेऊन. एक मिनिटाचं दहा मिनिटं केलंत तर चावा आणि तुमचं जाणं यांचा संबंध तिच्या डोक्यातून पुसला जातो.

पिल्लू चावलं की कळवळून ओरडा, असं पुष्कळ जण सांगतात. काही पिल्लं ओरडल्यावर दचकून सोडतात, काहींना बारीक किंचाळी म्हणजे सापडलेल्या उंदराचा आवाज वाटतो आणि ती दुप्पट जोरानं धरतात. दोनदा करून बघा. गुंडी चेकाळत असेल तर सोडून द्या.

टिचकीचं काय? सासूबाईंचा उपाय जुना आहे, पण तो हातानंच करायचा असतो, आणि अडचण हातापाशीच आहे. गुंडीसारख्या धीट पिल्लाला नाकाकडे झेपावणारं बोट म्हणजे खेळाचं आमंत्रण, ती पंजा उगारून पुढची फेरी सुरू करेल. ढब्बूसारख्या भित्र्याला टिचकी मारलीत तर तो हात दिसला की कायमचा अंग चोरेल, आणि भेदरलेलं मांजर खेळातल्यापेक्षा कितीतरी जोरानं चावतं. पाण्याच्या फवाऱ्यानं ती थांबेल, पण बाटली तुमच्या हातात असेपर्यंतच. शिवाय पाणी कुठून येतं हे तिला चांगलं दिसतं. मानगूट धरून उचलणं, जमिनीवर दाबून धरणं, तोंडावर फुंकर मारणं, हे सगळं त्याच माळेतलं.

पहिले चार-पाच दिवस गुंडीचं चावणं वाढल्यासारखं वाटेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण चार वेळा दाबतो, तसंच ते. इथेच बहुतेक घरं हार मानतात. सगळ्यांनी नियम पाळला तर दोन-तीन आठवड्यांत फरक नक्की दिसतो.

पण नुसतं हात काढून घेणं ही अर्धीच गोष्ट. रियाजाला दुसरं काही मिळालं नाही तर ती तुमचे पडदे आणि पोटऱ्या शोधेल. म्हणून दिवसातून चार वेळा ठरवून खेळ, प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटं. साधन म्हणून पिसाची किंवा कापडाच्या पट्टीची छडी घ्या, काठी आणि दोरी मिळून मीटरभर तरी हवी, म्हणजे तुमचा हात आणि तिचे दात यांत अंतर राहतं. दोन पिल्लं आहेत तर दोन छड्या, नाहीतर गुंडी सगळं बळकावते आणि ढब्बू कडेला बसून राहतो.

छडी हलवण्यात बहुतेकांची चूक होते. पिल्लाच्या नाकासमोर पिसं फडफडवत राहतात. कोणता उंदीर मांजराच्या तोंडावर येऊन नाचतो? खेळणं तिच्यापासून दूर न्या, भिंतीच्या कडेनं सरपटवा, खुर्चीच्या पायाआड अर्धवट लपवा आणि थांबा. थांबणं फार महत्त्वाचं. वर्तमानपत्राचा एक कागद जमिनीवर पसरा, पट्टीचं टोक त्याखाली सरकवा आणि अगदी थोडं खरवडल्यासारखं हलवा. गुंडीचे कान पुढे येतील, बुबुळं मोठी होतील, छाती जमिनीला टेकेल आणि मागचा भाग डावी-उजवीकडे डोलायला लागेल. आता हात अजिबात हलवू नका. ती उडी घेईलच. त्या वेळी तिला पकडू द्या. दर वेळी ऐन क्षणी खेळणं उचललंत तर शिकार कधी पुरीच होत नाही, आणि ती चिडून सर्वांत जवळची हलणारी वस्तू धरते, म्हणजे तुम्हाला. चार-पाच झडपांतल्या दोन-तीन यशस्वी होऊ द्या. शेवटी वेग हळूहळू कमी करत खेळणं थकल्यासारखं हलवा, शेवटची पकड होऊ द्या आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा क्रम मांजराच्या अंगातच आहे, तुम्ही फक्त त्याच्या वेळा ठरवायच्या.

लेझरच्या लाल ठिपक्याचा मोह टाळलेला बरा. त्यात पकडायला काही नसतंच, आणि काही मांजरांना प्रकाशाच्या प्रत्येक कवडशामागे धावायचं खूळ लागतं. घरात आहेच, तर शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर नेऊन थांबवा, आणि डोळ्यांत कधी नको.

पहाटे तीनचा हल्लाही याच हिशोबात बसतो. दिवसभर झोपलेलं पिल्लू रात्री ताजंतवानं असतं, आणि पांघरुणाखाली हलणारा अंगठा म्हणजे कागदाखालची पट्टीच. संध्याकाळी त्यांना तासभर जागं ठेवा, सगळ्यात मोठा खेळ झोपायच्या अर्धा तास आधी घ्या, १५ मिनिटांचा, आणि दिवसातलं शेवटचं जेवण त्यानंतर द्या. रात्री अंगठा धरला तर पाय स्थिर ठेवा. उठून खायला घालू नका, नाहीतर उद्या ती बरोबर तीनला उठवेल. तरी जमत नसेल तर आणखी दोनेक आठवडे दोघांना रात्री त्यांच्या खोलीत ठेवा, पाणी, लिटर ट्रे (शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरलेला ट्रे) आणि अंथरूण देऊन. यात दुष्टपणा काही नाही, दोघं एकमेकांना आहेत.

मुलीच्या पावलांसाठी वेगळी युक्ती. गुंडी ठरावीक जागीच दबा धरत असणार, बहुधा दाराच्या फटीशी किंवा सोफ्याच्या कोपऱ्याशी. त्या जागेजवळ कागदाचे दोन-तीन बोळे उंचावर ठेवा. मुलीनं तिथून जाताना आधी एक बोळा पुढे दूर फेकायचा आणि मग चालत जायचं. गुंडी बोळ्यामागे जाते. घरात जाड मोजे किंवा स्लिपर घालू द्या, लागलं नाही की मूल किंचाळत पळत नाही, आणि न पळणाऱ्या पायांत गुंडीला फारसा रस राहत नाही. मुलीला तीनच गोष्टी शिकवा. पिल्लू धावून आलं की झाडासारखं उभं राहायचं. उचलायचं नाही, जमिनीवर बसून ते मांडीत येईल तेव्हाच घ्यायचं. झोपलेल्या आणि खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. छडीचा खेळ तिनं जरूर खेळावा, तिचे हात त्यात दूर राहतात, पण शेजारी मोठं माणूस हवं.

मांडीवर मिनिटभर घुरघुरून मग मनगट धरणं, हा प्रकार थोडा निराळा आहे. कुरवाळण्याचा अतिरेक झाला की मांजर आधी इशारे देतं, आपण टीव्ही बघत असतो. शेपटीचं टोक फटके मारू लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, घुरघुर एकदम बंद पडते, मान वळून हाताकडे टक लागते. यातलं एक जरी दिसलं तरी हात काढून घ्या. तीन-चारदा कुरवाळायचं, हात थांबवायचा. तिनं डोकं पुढे केलं तर पुन्हा. गाल, हनुवटीखाली आणि कानांच्या मुळाशी चालतं, पोटावर हात नकोच. उताणं पडून पोट दाखवणं म्हणजे विश्वास, कुरवाळण्याचं निमंत्रण समजू नका.

दोघांची जुंपते त्याबद्दल निश्चिंत राहा, वेगळी करू नका. खेळातली मारामारी जवळजवळ मुक्यानं चालते. कधी हा वर तर कधी ती वर, मधे थांबून दोघं एखादी माशी बघतात, पुन्हा सुरू. हरलेलं पिल्लू स्वतःच परत येऊन छेड काढतं. काळजीची खूण म्हणजे फिस्कारणं, गुरगुरणं, डोक्याला चिकटलेले कान, फुललेली शेपटी, आणि दर वेळी तेच एक पिल्लू पळून लपणं. तसं दिसलं तर मधे हात घालू नका, एक उशी किंवा पुठ्ठा दोघांच्या मधे सरकवा. एकच किंचाळी आली आणि खेळ थांबला, तर ते गुंडीचं शिक्षण आहे, ढब्बू तिला फुकट शिकवतोय.

ढब्बूची मला खरं तर गुंडीपेक्षा जास्त काळजी वाटते. पिल्लाच्या मनात माणूस म्हणजे बरी गोष्ट हे पक्कं बसायचा काळ दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्यापर्यंतचा. तो ओलांडून गेलाय. पुढेही जमतं, पण जास्त सबुरीनं. त्याला सगळं घर एकदम देऊ नका. एक छोटी खोली निवडा, कपाटाखालची आणि पलंगाखालची खोल फट पुठ्ठ्यानं बंद करा आणि बदल्यात लपायला दोन दारं कापलेला खोका द्या. लपायची जागा हवीच, पण तुम्हाला दिसेल अशी. फट बंद करण्यासाठी त्याला ओढून काढू नका, तो खायला बाहेर येतो तेव्हा उरका.

मग रोज दोन-तीन वेळा त्या खोलीत जमिनीवर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून बसा, दहा मिनिटं, आणि चमच्याच्या टोकावर मऊ कॅट फूड घेऊन चमचा शरीरापासून दूर ठेवा. टक लावून बघायचं नाही. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. तो चमचा चाटू लागला की दर दिवशी चमचा थोडा जवळ आणा, मग चमच्यामागची बोटं त्याच्या गालाला लागू द्या. दोन सेकंद, बस. बोटावर खाणं लावून चाटवू नका. बोट आणि जेवण एक झालं की गुंडीनंतर याचेही दात सोडवत बसाल. भित्र्या पिल्लाचं खाणं-पिणं आणि ट्रे नीट चालू असेल तर घाई नको. पण नऊ आठवड्यांचं पिल्लू १२ तास काहीच खात नसेल, तर लाजतंय म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. एवढ्या लहान अंगात साठा नसतो.

घरातल्या मांडणीबद्दल थोडक्यात. दोन पिल्लांना तीन लिटर ट्रे, निदान एकाची कड पाच-सात सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आत तीन-चार सेंटिमीटरचा थर, दिवसातून दोनदा साफ. चार महिन्यांची होईपर्यंत ओलं झाल्यावर गोळा बांधणारं लिटर टाळा, या वयात ती ते चाखून बघतात आणि गोळा पोटात बांधला जाऊ शकतो. ट्रे जेवणाच्या वाटीपासून लांब. वाट्या दोन, एकमेकांपासून हातभर तरी अंतरावर, कारण गुंडी आपली संपवून ढब्बूची संपवत असण्याची शक्यता दाट आहे. किटन फूड दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनवर आणता येतं. आधी जिथे होती तिथलंच खाणं पहिला आठवडा चालू ठेवा आणि नवं खाणं ७ ते १० दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या, नाहीतर जुलाब ठरलेले. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण खरी, पण नंतर जुलाब होतात ते म्हणीत आलेलं नाही. दूध सुटलेल्या पिल्लाला गाईचं दूध पचेलच असं नाही, पाणीच बरं. स्वयंपाकघराचा वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा दोघांना भांड्यात बसवून वजन लिहून ठेवा. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ दिसायला हवी. एकाच आठवड्यात वाढ थांबली तर दुसरी लक्षणं दिसायच्या आधी तुम्हाला कळतं.

चावणाऱ्या पिल्लाच्या घरात तीन गोष्टी आवरून ठेवाव्याच लागतात. पहिली, दोरा. शिवणाचा दोरा, लोकर, रबर, केसांचे बंद, आणि हो, छडीची दोरीसुद्धा, खेळ संपला की बंद कपाटात. मांजराच्या जिभेवर आतल्या दिशेनं काटे असतात, तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो आणि आतडी सुरकुतवून कापू शकतो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर कधीही ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. दुसरी, लिलीची फुलं. पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही मांजराच्या मूत्रपिंडाला घातक. तिसरी, पॅरासिटामॉल. माणसाच्या तापाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. विजेच्या वायरी प्लास्टिकच्या नळीत घाला आणि वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात फिरवून बघा.

नखं दहा-पंधरा दिवसांनी कापा, फक्त पुढचं पांढरं आकड्यासारखं टोक. आतला गुलाबी भाग सोडून. पिल्लू झोपाळलेलं असताना एका बैठकीत दोन नखं झाली तरी पुष्कळ. दात थांबेपर्यंत निदान ओरखडे तरी कमी होतील.

डॉक्टरांची भेट घेतली नसेल तर या आठवड्यात घ्या. जंतांचं औषध, पहिल्या लसीची तारीख आणि पुढच्या दर तीन-चार आठवड्यांच्या मात्रा, १६ आठवड्यांपर्यंत, हे सगळं एकदम लिहून घ्या. भाऊ-बहीण आहेत म्हणून नसबंदीचं लांबवू नका, पाच महिन्यांच्या आत तारीख ठरलेली असावी. मांजरांना नातं कळत नाही. आणि चावणं एकाएकी वाढलं, विशिष्ट जागी हात लागला की फिस्कारून चावते, लंगडते, खाताना मान वाकडी करते, तर तो खेळ समजू नका, कुठेतरी दुखतंय.

एक उलटा टप्पा अजून यायचा आहे. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे २६ दात पडून ३० कायमचे दात येऊ लागतात, आणि हिरड्या शिवशिवल्यामुळे सुधारलेली गुंडी पुन्हा सगळं चावायला लागेल. नियम तेच. एक सुती फडकं ओलं करून पिळा, पीळ घालून फ्रीजमध्ये गार करा आणि तिच्यासमोर असताना चावायला द्या. खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग किंवा जमिनीवर तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका, बहुतेक दात तर ती गिळूनच टाकते. सहा-सात महिन्यांची झाली की एकदा ती पेंगत असताना वरचा ओठ अंगठ्यानं हलकेच उचलून बघा. एकाच जागी जुना बारीक सुळा आणि नवा जाड सुळा शेजारी शेजारी उभे दिसले, तर जुना आपोआप पडायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. ढब्बूचा ओठ तोवर उचलू देईल इतपत चमचा जवळ आलेला असायला हरकत नाही.